पत्र्याची अक्षरं

मेघना आणि रोहित,

मेघनाचं पत्र सोमवारी आलं. त्यात तिच्या बालवर्गाची सगळी हकीकत होती. "आजी, आम्ही आता मुलांना अक्षरांची नावं शिकवत नाही, आवाज शिकवतो. आवाज जोडत जोडत मुलं आपली आपण वाचतात. ह्याला फोनिक्स म्हणतात. तुमच्या वेळी बिचाऱ्या मुलांना सगळं घोकावं लागत असेल ना?" पत्र मी घडी घालून पाकिटात ठेवलं, पाकीट तारखेप्रमाणे खणात लावलं, आणि थोड्या वेळानं पुन्हा बाहेर काढलं. मेघना, घोकण्याबद्दल तू लिहिलंस ते खरं आहे. पण "तुमच्या वेळी" म्हटलं की त्यात मीही आले, आणि ते मला मान्य नाही. मुरुमच्या बाजारात, माझ्या वडिलांच्या अडतीच्या गोदामात पाच मुली आवाज जोडून वाचायला शिकत होत्या, आणि त्यांना शिकवणारी मी होते. तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि मला चौदावं लागलं होतं. फोनिक्स हा शब्द मी ऐकलेला नव्हता. काम मात्र येत होतं. हे फोनवर सांगायला जावं तर अर्ध्यात तुमचं काहीतरी निघतं, म्हणून लिहिते आहे. कंटाळा आला तरी शेवटपर्यंत वाचा.

आमचं घर अडतीच्या पाठीमागं होतं. पुढं दुकानाचा ओटा, मग गोदाम, मग अंगण आणि मग स्वयंपाकघर, असं एका रेषेत. त्यामुळं स्वयंपाकघरात बसूनही पुढं काय चाललंय ते कानांना कळायचं. पोतं पाठीवरून जमिनीवर पडल्याचा धप्प आवाज, तोलाऱ्याचं लांबवलेलं "लाऽऽभ, दोऽऽन", कारण बाजारात पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, आणि शेतकऱ्यांचं मराठी-कानडी एकमेकांत मिसळलेलं बोलणं. घरात आम्ही आईला अव्वा म्हणायचो, वडिलांना अप्पा. अव्वा चार दिवसांच्या कडक भाकऱ्या एकदम करून ठेवायची. पापडासारख्या पातळ, टोपलीत उभ्या रचलेल्या. मोडली की कट्ट असा आवाज व्हायचा, आणि त्या आवाजावरून कोण चोरून खातंय ते तिला चुलीपाशी बसून कळायचं. "शिवी, ती दुसरी हाय," ती मान न वळवता सांगायची. शेंगांची चटणी, घट्ट दही आणि ती भाकरी. आजही मला दुसऱ्या कुठल्या जेवणाची आठवण येत नाही.

स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडं मठ होता. मठाच्या ओवरीत मास्तर गावातल्या व्यापाऱ्यांच्या मुलांना शिकवायचे. सरकारी शाळा उर्दूची, ती वेशीपलीकडं. मराठी अक्षर गिरवायचं तर मास्तरांकडंच. दोन्ही ठिकाणी मुलगेच. सकाळपासून भिंतीवरून आवाज यायचा, "क कमळाचा, ख खटाऱ्याचा, ग गणपतीचा," तीस गळ्यांचा एक सूर. माझी धाकटी बहीण शिवी सहा वर्षांची. तिनं भिंतीआडून ऐकून ते सगळं पाठ केलं होतं. कणीक मळताना म्हणायची, अंघोळ करताना म्हणायची. एक दिवस मी चुलीतल्या कोळशानं फरशीवर "मगर" लिहिलं, अक्षरं दाखवली, आणि म्हटलं वाच. शिवी ठसक्यात म्हणाली, "म मक्याचा, ग गणपतीचा, र रथाचा."

"मग सगळं मिळून काय झालं?"

"मका, गणपती आणि रथ झाला की."

अव्वा हसून हसून चुलीपुढून उठली. मी नाही हसले. मास्तरांकडं शिकणारी मोठी मुलंही असंच वाचायची. पुस्तकाचं पान पाठ म्हणायची, बरोबर जागी पान उलटायची, पण पाठ नसलेलं एक ओळभर पुढं ठेवलं की गाडी गणपती आणि रथाशी अडायची.

मला हे खटकलं, कारण मी वेगळं पाहून आले होते. आदली दोन वर्षं मी सोलापूरला मावशीकडं होते. सोलापूर इंग्रजांच्या मुलखात, तिथं मुलींची शाळा होती. मला इंग्रजी अजिबात येत नसल्यामुळं बाईंनी बारा वर्षांच्या मला बालवर्गाच्या बुटक्या बाकावर बसवलं. गुडघे हनुवटीला लागायचे. शरमेनं रडले मी, पण त्या बाकावरच मला एक गोष्ट मिळाली. त्या बाई अक्षराचं नाव सांगतच नसत. खडूनं अक्षर काढायचं आणि नुसता आवाज काढायचा, ओठ मिटून, दात दाखवून, कधी फुंकर मारून. मग दोन आवाज जवळ आणायचे, आणखी जवळ आणायचे, आणि एकदम शब्द व्हायचा. तीन महिन्यांत मी न पाहिलेला शब्द वाचू लागले. पुढं मावशीच्या यजमानांची बदली झाली आणि मला मुरुमला परत आणलं. बरोबर ट्रंक होती, दोन इंग्रजी पुस्तकं होती, आणि ती युक्ती होती.

शिवीपासून सुरुवात केली. मग शेजारची गिरिजा आणि तिची चुलतबहीण आली. आमच्या हमालाची सखू आली, ती शिवीएवढीच, पण तिच्या बोलण्याला मोठ्या माणसाचा वजनदारपणा. पाचवी मुन्नी, मेहबूबचाचांची नात. मेहबूबचाचा बाजारात पत्र्याचं काम करायचे: चाळण्या, मापं, दिवे, आणि आमच्या पोत्यांवर मार्का मारायचे छाप. प्रत्येक पोत्यावर शेतकऱ्याचं नाव आणि गाव उमटवायचं असे. पत्र्यात अक्षरं कोरलेली, त्यावरून काजळीच्या शाईचा बोळा फिरवायचा. ते छाप पाहून माझ्या डोक्यात आलं की कोरून पडलेली अक्षरं हातात धरता आली तर? पाटीवरचं अक्षर पुसलं जातं, हलवता येत नाही. पत्र्याचं अक्षर उचलून दुसऱ्याच्या शेजारी ठेवता येईल.

मी कोळशानं अक्षरं काढून नेली. चाचांना मराठी वाचता येत नव्हतं; छापाची अक्षरं अप्पा पत्र्यावरच रेखून देत, चाचा नुसती कापत. त्यांनी कागद चारी बाजूंनी फिरवून पाहिला. "बेटी, इसका मूँ किधर है, वो बोल पैले. नै तो मैं उल्टा काट को देतूँ, फिर मेरेकू नक्को बोल." राकेलच्या रिकाम्या डब्यांचा पत्रा त्यांनी वापरला, कडा कानशीनं घासून गुळगुळीत केल्या, आणि प्रत्येक अक्षराच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात खिळ्यानं एक भोक पाडलं. भोक वर उजवीकडं आलं की अक्षराचं तोंड बरोबर. शिवाय तारेत ओवून ठेवता येतील. असा विचार त्यांचा. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, मुन्नी वाचायला लागली की माझ्या दुकानावर काय लिहिलंय ते मला सांगेल. दुकानावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

गोदामात बाजार नसेल त्या दिवशी दुपारी आम्ही बसायचो. मी क-ख-ग च्या ओळीनं गेलेच नाही. आधी ब, स, व. तिन्ही अक्षरं गोणपाटावर लांब लांब ठेवायची. मुलींनी एकेकावर बोट ठेवून आवाज काढायचा, नाव नाही, गणपती नाही, रथ नाही. मग अक्षरं बोटभर जवळ सरकवायची, आवाजही जवळ आणायचे. शेवटी डोक्यावरच्या रेघा एकमेकींना टेकल्या की कट्ट आवाज व्हायचा आणि तोंडातून शब्द पडायचा. बसव! आमच्या लिंगायतांच्या घरोघरी दिवसातून शंभरदा घेतलं जाणारं बसवेश्वरांचं नाव, पण ते असं आपल्या हातांनी जुळवता येतं हे कुणाला माहीत होतं? सखू तर दचकून मागं सरकली. म्हणाली, "अक्का, ह्येच्यात कुणी बोललं का?" मग र, म, न, ग, त. काना आणला तेव्हा त्याला मी ओढ म्हटलं, आवाज ओढायचा म्हणून. महिना-दीड महिन्यात पत्र्याच्या अक्षरांतून त्या न ऐकलेले शब्दही लावायला लागल्या. मी खूश होते. जरा जास्तच.

अप्पांचा विरोध नव्हता, पण काळजी होती. खासगी शाळा काढायची तर सरकारी परवानगी लागायची, आणि तहसिलीचे लोक अडतीवर येत-जात. "नीलव्वा, काय करायचं ते कर, पण शाळा म्हणू नको," ते म्हणाले. अव्वाला दुसरीच चिंता. "भाकऱ्या जळाल्या तर बघ." मी म्हटलं, शिकल्यामुळं भाकऱ्या जळतात का? तर म्हणाली, "न शिकता बी जळत्यात. म्हणून तर म्हणते, लक्ष ठेव."

खरा विरोध भिंतीपलीकडून आला. मास्तर एका अमावास्येला, अडत बंद असताना, दोन वडीलधाऱ्यांना घेऊन ओट्यावर येऊन बसले. सावळे, ताठ, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे अगदी सरळ. त्यांची तक्रार माझ्याकडं न बघता सुरू झाली. नमन न करता अक्षराला सुरुवात केली, हे एक. हमालाची आणि पत्रेवाल्याची पोर आपल्या पोरींच्या गोणपाटावर, हे दुसरं. आणि तिसरं, अप्पांकडं वळून, "शंकरप्पा, अक्षर जमिनीवर टाकतात. पोरींचे पाय लागतात. पुस्तकाला पाय लागला तर आपण नमस्कार करतो. इथं अक्षर पायाखाली पडलंय." तिसऱ्या मुद्द्याला वडीलधाऱ्यांनी माना हलवल्या. मी दाराआड उभी होते. मला वाटलं, ह्यांना नुसतं सांगून उपयोग नाही. मी पुढं झाले आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही परीक्षा घ्या. तुम्हाला हवा तो शब्द लिहा. वाचता आला नाही तर मी बंद करते."

हे मी बोलले. कुणी बोलायला लावलं नव्हतं. आज इतक्या वर्षांनीही त्या वाक्याची आठवण झाली की कान गरम होतात.

मास्तरांनी दुकानाच्या फळीवर खडूनं लिहिलं, "नगर". साधा शब्द. तिन्ही अक्षरं मुलींच्या रोजच्या हाताखालची. गिरिजा पुढं आली, पाहिलं, मागं झाली. शिवी ओठ हलवत राहिली. मुन्नीनं फळीच्या मागं डोकावून पाहिलं. शेवटी सखू फळीजवळ गेली, अक्षरावरून बोट फिरवलं, बोटाला लागलेला खडू पाहिला आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "अक्का, ह्येला भोक न्हाय."

"भोक कशाला हवं? अक्षर बघ."

"आपल्या ग ला हत्तीचा पाय हाय. आन न गंजल्याला हाय. हितं काय बी न्हाय."

तेव्हा मला कळलं. एका डब्यावर हत्तीचं चित्र होतं, त्या पत्र्यातून कापलेल्या ग वर हत्तीच्या पायाचा तांबडा तुकडा आला होता. न च्या कोपऱ्यात गंजाचा डाग. र ची कड जरा वाकलेली. मुलींनी आकार धरलाच नव्हता. त्यांनी पाय, गंज आणि वाकलेली कड धरली होती. आवाज त्यांचे पक्के होते, पण ते आवाज त्यांनी त्या त्या पत्र्याच्या तुकड्याला चिकटवले होते. अख्ख्या जगात त्यांच्या लेखी एकच ग होता, आणि तो माझ्या तारेत ओवलेला होता.

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत, ते उठता उठता म्हणाले, "पत्र्याची विद्या, शंकरप्पा. एका पावसाळ्यात गंजून जाईल." अप्पांनी मला कानडीत एकच शब्द म्हटला, "साकु." पुरे. तारेत ओवलेली सगळी अक्षरं त्यांनी डब्यात घातली आणि डबा माळ्यावर ठेवला. बंद करायचं मीच कबूल केलं होतं.

त्या दुपारी मी जेवले नाही. अव्वानं कडक भाकरीचा तुकडा दह्यात बुडवून माझ्या तोंडापुढं धरला. मी तोंड फिरवलं. ती म्हणाली, "हरलीस म्हणून उपाशी का चुकलीस म्हणून?" मी म्हटलं, चुकले म्हणून. "मग खा. चुकलेल्याला काम असतंय. हरलेल्याला नसतंय." माझी अव्वा अंगठा उठवायची. पण आयुष्यात मी ज्या परिषदा आणि चर्चासत्रं ऐकली, त्यात शिकवण्याबद्दल इतकं कामाचं दुसरं कुणी बोललं नाही.

चूक काय होती ते मला स्पष्ट दिसत होतं. एकच ग दाखवला, म्हणून एकच ग कळला. चाळीस ग दाखवायला हवे होते: मोठे, बारके, पुसट, तिरके. पाट्या माझ्याकडं नव्हत्या, पुस्तकं दोन आणि तीही इंग्रजी. आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामातून अंगणात येताना मी जागच्या जागी थांबले. माझ्या दोन्ही बाजूंना, छपरापर्यंत, अक्षरंच अक्षरं होती. पोत्यांवरची. तोच छाप, पण तागावर उमटताना कुठं शाई फुटलेली, कुठं अर्धीच उठलेली, कुठं पोतं फुगल्यामुळं अक्षर ताणलेलं. एक ग दुसऱ्यासारखा नव्हता.

अप्पांनी वर्ग बंद केला होता आणि मी शब्द दिला होता. तो शब्द मी मोडला, हे सरळ लिहून ठेवते. पळवाट होती, ती मी सोडली नाही. बाजारात पोती उतरवताना दाणे सांडत. ते वेचायला गरिबाघरच्या पोरी येत, त्यांना कुणी हटकत नसे. सखू तर रोजच वेचायची. आता तिच्याबरोबर मुन्नी, शिवी, गिरिजा आणि तिची बहीण, सगळ्या ओच्यात दाणे वेचायला लागल्या. चांगल्या घरच्या पोरी दाणे वेचतात म्हणून गिरिजाच्या आईनं थोडी कुरकुर केली; गिरिजानं तिला सांगितलं की अक्कानं खेळ काढलाय. पोत्यांच्या दोन रांगांमधून बसत बसत पुढं जायचं, हातानं दाणे, डोळ्यांनी अक्षरं. मी पुढं, त्या मागं. मी एका अक्षरावर बोट ठेवायचे, त्या कुजबुजायच्या. मग त्याच अक्षराचे भाऊ शोधा म्हणायचे. एका दुपारी सखूनं म चे बत्तीस भाऊ शोधले आणि तेहेतिसाव्यासाठी मला भांडून थकवलं. तो भ होता. वरची डाव्या बाजूची गाठ बघ म्हटल्यावर ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "व्हय. लबाड हाय त्यो." अणदूर, आलूर, येणेगूर, अशी गावांची नावं त्यांना त्या पोत्यांनी शिकवली. मात्रा, वेलांट्या, उकार सगळं तिथंच आलं, कारण माणसांची नावं आमच्या सोयीच्या अक्षरांत नसतात.

मग काही महिन्यांनी असा एक बाजाराचा दिवस आला. आम्ही मोठ्या होत चाललेल्या मुलींनी बाजारादिवशी ओट्यावर जायचं नसे. त्या दिवशी ओटा भरलेला होता. मास्तर मठासाठी दाणे न्यायला आले होते आणि अप्पांच्या गादीशेजारी बसले होते. मी पाचही मुलींना घेऊन गोदामातून सरळ पुढं आले. पोत्यांच्या रांगेपुढं उभी राहिले. तोलाऱ्याच्या आवाजावर आवाज काढून म्हटलं, "मास्तर, मागं मी चुकले होते. मुली चुकल्या नव्हत्या. तुम्ही बोट दाखवाल ते पोतं त्या वाचतील."

तोलारी मापाचा आकडा अर्ध्यावर सोडून थांबला. अप्पा उठायला लागले. मी त्यांच्याकडं बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर मी आत पळाले असते. मास्तर म्हणाले, "पाठ करून घेतलं असशील."

"म्हणून तर तुम्ही निवडा म्हणते."

ते उठले. रांगेतल्या पोत्यांकडं त्यांनी पाहिलंही नाही. नुकतंच गाडीवरून उतरवलेलं एक पोतं बाजूला पडलं होतं. हमालानं आत्ताच छाप मारला होता, शाई ओली होती. त्याच्यावर त्यांनी काठीचं टोक टेकवलं. मी सखूला पुढं केलं.

ती पोत्यासमोर उकिडवी बसली. तोंडातल्या तोंडात काहीतरी झालं. मग मोठ्यानं, एकेक करून, "गे. न. बा." थांबली. जवळ आणलं. "गेनबा." खालची ओळ. "ये. णे. गू. र." आणि मान वर करून, हमालाला पत्ता सांगावा तसं, "गेनबा येणेगूर."

ओट्याच्या कडेला एक म्हातारा शेतकरी पान चघळत बसला होता. तो ताडकन उठला. "आरं तिच्या! त्यो म्याच की!" सगळा ओटा हसला, पण हे हसणं वेगळं होतं. म्हातारा पोत्याजवळ आला. "पोरी, खरं सांग. माजं नाव हाय हितं?"

"हाय की. लिवलंय."

"तीस वर्सं झाली माल घालतोय. मला वाटलं अडतीचं काय चिन्न असंल. कुठनं कुठवर हाय माजं?"

सखूनं त्याचं बोट धरलं, ग वर ठेवलं, आणि नावाच्या शेवटापर्यंत नेलं. "हितनं हितवर तुमी. खाली तुमचं गाव." म्हाताऱ्यानं ते पुन्हा एकट्यानं करून पाहिलं. शाई ओली होती, बोट काळं झालं. त्यानं ते धोतराला पुसलं नाही. वर धरून शेजाऱ्यांना दाखवत राहिला, "मी म्हंजे येवढा हाय बघा."

मग कुणीतरी ओरडलं, "माजं बी बघ गं!" आणि एकामागून एक. मुन्नीनं दोन वाचली, गिरिजानं दोन, शिवीनं एक चुकवलं आणि दुसऱ्या झटक्यात सुधारलं. मास्तर उभे होते. गलका थोडा शमल्यावर ते मला म्हणाले, "वाचलं खरं. पण ह्यांना बसवण्णांचं एक तरी वचन पाठ येतं का?" मी म्हटलं, नाही. "मग म्हातारपणी डोळे गेल्यावर काय वाचणार?" त्यांनी दाण्याची पिशवी उचलली आणि गेले. त्यांनी हार मानली नाही, आणि मीही नाही. आता माझे डोळे खरंच गेलेत, भिंगाशिवाय हे अक्षरही दिसत नाही, आणि भिंतीआडून ऐकलेलं, वचनांसकट, तेवढं मला अजून तोंडपाठ आहे. मास्तरांचं तेवढं बरोबर होतं. तेवढंच.

बाजार उठल्यावर अप्पांनी मला बोलावलं. शब्द मोडल्याबद्दल बोलतील म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले. ते म्हणाले, "माळ्यावरचा डबा काढ." मी काढला. त्यांनी तार उलगडली, हत्तीच्या पायाचा ग हातात घेऊन उजेडात धरला. "हा पाय काजळीनं काळा कर. सगळीच काळी कर. आणि उद्यापासून गोदामात बसू नको, अंधार असतोय तिथं. ओट्यावर बस. अक्षरं पाटावर ठेव, म्हणजे पाय लागणार नाही." परवानगीचं काय, मी विचारलं. अप्पांनी खांदे उडवले. काही दिवसांनी तहसिलीतले गिर्दावर, म्हणजे महसुलाचे अधिकारी, ओट्यावर येऊन पाणी प्याले आणि तांब्या खाली ठेवताना मुलींकडं बघून म्हणाले, "शंकरप्पा, ये क्या मदरसा खोला तुमने?" माझे अप्पा, जे सरकारी चपराशालाही उठून नमस्कार करायचे, ते बसल्या जागेवरून म्हणाले, "न्हाय साहेब. पोरी दाणे वेचतायत."

तो वर्ग ओट्यावर तीन वर्षं चालला. राज्य बदललं, मी शिकायला बाहेर गेले, इंग्रजीची शिक्षिका झाले, आणि पुढं जिथं जिथं बालवर्ग हाती आला तिथं आधी आवाज शिकवले आणि एक अक्षर कधी एकाच ठिकाणी दाखवलं नाही. वरिष्ठांनी लेखी विचारणा केल्या, त्यांना मी लेखी उत्तरं दिली. मेघना, तुझ्या वर्गातल्या भिंतीवर प्रत्येक अक्षराचं एक-एक रंगीत चित्र आहे असं तू लिहिलंस. चित्रं छान असतील. पण एखाद्या दिवशी ती उतरवून ठेव आणि मुलांना साध्या कागदावरचं अक्षर दाखव. काय होतं ते मला कळव.

आता अडत नाही, ओटा नाही, त्या जागी दुसऱ्याचं दुकान आहे. सखूचं पोस्टकार्ड अजून वर्षातून एकदा येतं. अक्षरं मोठी, आणि डोक्यावरच्या रेघा एकमेकींना टेकलेल्या. पत्र्याच्या अक्षरांपैकी सात उरली आहेत. ती माझ्या कपाटात, वरच्या खणात, मलमलीच्या तुकड्यात आहेत. सातही गंजली आहेत. सातही वाचता येतात.